शोध लागला, मग घोडं अडतं कुठे? (कंपन्यांच्या लॅबमधलं मटेरियल संशोधन)

रिकामा_चेंबर

परवा इथेच कुणीतरी बातमी चिकटवली होती: नवं मटेरियल सापडलं, आता मोबाईलची बॅटरी आठवडाभर चालणार. खाली "भारीच", "बाजारात कधी येणार?" वगैरे. तिथे मी काही लिहिलं नाही, लिहिलं असतं ते फारच खवचट झालं असतं. म्हणून हा वेगळा धागा.

आधी माझ्याबद्दल. २२ वर्षं एका कंपनीच्या लॅबमध्ये पातळ थर बसवण्याचं काम केलं. कंपनीचं नाव विचारू नका, सह्या करून दिलेल्या आहेत. काम थोडक्यात असं: बंद भांड्यातली (चेंबर म्हणतात) हवा पंपाने उपसायची, त्यात जरासा आर्गॉन सोडायचा आणि वीज देऊन त्याचा प्लाझ्मा पेटवायचा. आर्गॉनचे आयन समोरच्या धातूच्या तबकडीवर, म्हणजे टार्गेटवर, जाऊन आपटतात, धातूचे अणू उडतात आणि वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) जाऊन बसतात. याला स्पटरिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे.

एकदा आमच्या टायटॅनियमच्या थराचा विद्युत रोध अचानक वाढला. दीडपट. रेसिपी तीच, टार्गेट तेच, माणसं तीच. चेंबरचा दाब बघितला, उत्तम. हीलियमने गळती तपासली, पास. टार्गेट बदललं, आतले पत्रे काढून साफ केले, पुरवठादाराशी भांडून झालं. तीन आठवडे गेले. वरचे लोक रोज विचारायला लागले. मग आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळी लॅब मामा म्हणायची, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "साहेब, आजही गुलाबीच आहे."

म्हटलं, काय गुलाबी?

"प्लाझ्मा. आपला आर्गॉन जांभळट निळा असतो. महिनाभर गुलाबी मारतोय."

मी खिडकीतून पाहिलं, मला दोन्ही सारखेच दिसले. पण गुलाबी छटा म्हणजे नायट्रोजन, म्हणजे हवा. शोधत गेलो तेव्हा कळलं की आर्गॉनचा फ्लो कंट्रोलर कॅलिब्रेशनला पाठवून परत बसवताना त्याच्या पुढचा एक नट पाव फेरा सैल राहिला होता. गंमत अशी की दाब मोजताना आणि गळती तपासताना आर्गॉनचा व्हॉल्व्ह बंद असायचा, त्यामुळे गळकी जागा चेंबरच्या हिशेबातच यायची नाही. व्हॉल्व्ह उघडला की आर्गॉनबरोबर हवाही आत. टायटॅनियम हे हवेला हपापलेलं, ते मिळेल तेवढा नायट्रोजन-ऑक्सिजन गिळून बसायचं.

मला सांगायचंय ते एवढंच. कॉलेजच्या लॅबमध्ये एक सॅम्पल एकदा चाललं की पेपर निघतो. कंपनीत तेच सॅम्पल हजाराव्या वेळी, रात्रपाळीत, दुसऱ्या माणसाच्या हातून, दुसऱ्या मशीनवर तसंच्या तसं निघावं लागतं. मधली सगळी वर्षं यात जातात. शोध स्वस्त असतो, महाग पडते ती पुनरावृत्ती. आणि ही पुनरावृत्ती ज्यांना जमते त्यांची नावं कुठल्या पाठ्यपुस्तकात नसतात.

ट्रान्झिस्टरचंच बघा. १६ डिसेंबर १९४७, बेल लॅब्स (अमेरिकेतल्या एटीअँडटी या टेलिफोन कंपनीची लॅब). तिथले शास्त्रज्ञ ब्रॅटन यांनी प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्याला सोन्याचा वर्ख लावला, टोकाशी ब्लेडने बारीक चीर दिली आणि स्प्रिंगने तो जर्मेनियमवर दाबून धरला. ट्रान्झिस्टर झाला. पण हे असं हाताने दाबून धरलेलं प्रकरण दाराच्या धक्क्यानेही बिघडायचं. तिथून रेडिओत बसणाऱ्या वस्तूपर्यंतचा रस्ता कुणी बांधला, हे कुणाला लिहायचं असेल तर लिहा. मी थकलो टंकून.

नवशिकी

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: "शुद्ध" जर्मेनियम म्हणजे किती शुद्ध? आम्हाला शिकवताना थेट "शुद्ध अर्धवाहक (सेमीकंडक्टर) घेऊ" असं म्हणून पुढे जातात.

जुनाणा

बाळबोध कसला, तोच खरा प्रश्न आहे. मास्तर लोक तिथूनच पळ काढतात.

सुरुवातीच्या जर्मेनियममध्ये काय भेसळ आहे हेच कळत नव्हतं. काहीतरी असं होतं की ज्यामुळे इलेक्ट्रॉन मध्येच "मरत". ब्रॅटन यांच्या गटाचे प्रमुख शॉकली यांनी त्या अज्ञात चोराचं नाव ठेवलं होतं डेथनियम. पुढे कळलं की बऱ्याचदा तो चोर म्हणजे तांबं, नुसत्या हाताळण्यातूनही लागेल इतक्या अल्प प्रमाणातलं.

शुद्धीकरणाचा मार्ग काढला विल्यम फॅन यांनी. हे बेल लॅब्समध्ये लॅब असिस्टंट म्हणून लागले होते, रात्रशाळेत जाऊन केमिकल इंजिनिअरिंग केलं. रिकामा_चेंबर यांच्या मामांच्या जातकुळीतलेच म्हणा. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडचिड झाली. जर्मेनियमची लांब कांडी घ्यायची. तिचा फक्त एक अरुंद पट्टा वितळवायचा आणि तो वितळलेला पट्टा हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे सरकवायचा. मागे जे पुन्हा गोठतं त्यात बहुतेक भेसळ शिरायला तयार नसते, ती द्रवातच राहणं पसंत करते. म्हणजे केर लोटत लोटत दुसऱ्या टोकाला नेल्यासारखं. पुन्हा पुन्हा करा, शेवटी ते टोक कापून फेकून द्या. दहा अब्ज अणूंमागे एक परका अणू, इथवर मजल गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याहून शुद्ध वस्तू माणसाने बनवलेली नव्हती.

आणि बेल लॅब्सचेच गॉर्डन टील. एकसंध स्फटिक हवा, अनेक दाण्यांचा गोळा चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शॉकलींना ते पटत नव्हतं. मग टील आणि जॉन लिटल यांनी स्फटिक ओढण्याचं यंत्र चाकांवर बांधलं. दिवसा दुसऱ्याचं काम चालायचं, संध्याकाळनंतर हे यंत्र कपाटातून बाहेर यायचं, सकाळी पुन्हा आत. यंत्रामागची पद्धत चोक्राल्स्की यांची, १९१६ ची. वितळलेल्या पदार्थात बारीक स्फटिक बुडवून फिरवत हळूहळू वर ओढायचा. आज तुमच्या आमच्या जवळजवळ प्रत्येक चिपचा सिलिकॉन याच पद्धतीने ओढलेला असतो.

सोल्डर

टील पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला गेले ना? तो तेलाचा किस्सा त्यांचाच.

जुनाणा

हो, तेच. मे १९५४, डेटन, ओहायो इथली परिषद. आधीचे वक्ते एकामागून एक सांगत होते की सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर अजून काही वर्षं होणार नाही. टील उठले आणि म्हणाले की आमच्या कंपनीत बनतोय, काही नग माझ्या खिशात आहेत. मग रेकॉर्ड प्लेअर लावला. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवला तर गाणं बंद. सिलिकॉनचा बुडवला तर चालूच. श्रोते फोन करायला बाहेर धावले असं म्हणतात.

खडूफळा

धागा आवडला. पण "शोध स्वस्त असतो" हे काही घशाखाली उतरलं नाही, रिकामा_चेंबर. आम्हा शिकवणाऱ्यांना टोमणा आहे म्हणून नव्हे. (आहेच, पण ते सोडा.)

काचेच्या तंतूचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकात चांगल्यातली चांगली काच घेतली तरी किलोमीटरमागे प्रकाशाचा क्षय १००० डेसिबलच्या घरात. म्हणजे किलोमीटरभर पुढे शून्य अंधार. बहुतेकांचा समज असा की काच आहेच अशी, इलाज नाही. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या लोहासारख्या भेसळीचा आहे. भेसळ काढा, क्षय २० डेसिबलच्या खाली आला की दूरसंचाराला हे चालेल. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरतो. ऐकायला दरिद्री वाटतं, पण तेवढं पुरतं.

हा आकडा हातात नसता तर कॉर्निंगच्या माणसांना कुठे पोचायचंय हेच कळलं नसतं. १९७० मध्ये मॉरर, केक आणि शुल्झ यांनी १७ डेसिबल गाठलं. त्यांनी वापरलेली वाफेतून काच बनवण्याची रीत कॉर्निंगच्याच फ्रँक हाइड यांनी १९३० च्या दशकात काढलेली. तीसेक वर्षांनी ती अशा कामाला आली जे हाइड यांच्या स्वप्नातही नसेल. काओसुद्धा कंपनीच्याच लॅबमध्ये होते, स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

तेव्हा नट आवळणारे मामा हवेतच, पण कुठला नट आवळायचा हे सांगणारा विचारही तितकाच महाग आहे.

रिकामा_चेंबर

मान्य, खडूफळा सर. "शोध स्वस्त" हे मागे घेतो. जोशात लिहिलं.

पण तुमचंच उदाहरण पुढे ढकलतो. १९७० चा तो तंतू टायटॅनियम मिसळलेला होता, आणि क्षय कमी करायला तापवला की ठिसूळ व्हायचा. म्हणजे विक्रम झाला, केबल नाही. दोन वर्षांनी टायटॅनियमऐवजी जर्मेनियम ऑक्साइड मिसळल्यावर ४ डेसिबल मिळालं आणि तंतू धडही राहिला. आज किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक. या सगळ्या दशांश चिन्हांमागे माणसं आहेत.

अळणी

शास्त्र वगैरे ठीक. पण अनेकदा मटेरियल तयार असतं, अडतं ते कंपनीच्या डोक्यात. आरसीए ही अमेरिकन टीव्ही कंपनी आठवा. १९६८ मध्ये पत्रकार परिषद घेऊन लिक्विड क्रिस्टलचे पडदे दाखवले. जॉर्ज हाइलमायर त्यामागे होते. भिंतीवर टांगायचा टीव्ही येणार म्हणून गाजावाजा झाला. पण आरसीएचा पैसा येत होता पिक्चर ट्यूबमधून. स्वतःच्या दुभत्या म्हशीला कोण मारणार? हाइलमायर १९७० मध्ये बाहेर पडले. १९७३ मध्ये जपानच्या शार्पने लिक्विड क्रिस्टलचा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

कोडॅकचंही तेच. १९७५ मध्ये त्यांच्याच स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला, १९८७ मध्ये त्यांच्याच तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी कामाचा ओएलईडी (स्वतः उजळणारा पातळ सेंद्रिय थर) दाखवला. आज मोबाईलच्या पडद्यात ओएलईडी आहे, कोडॅक कुठे आहे?

जुनाणा

अर्धसहमत. आरसीएला सरसकट मूर्ख ठरवणं सोपं आहे. सुरुवातीची लिक्विड क्रिस्टल रसायनं चांगली तापवल्याशिवाय कामच करत नसत. घरच्या तापमानाला टिकाऊ अशी संयुगं जॉर्ज ग्रे यांनी हल विद्यापीठात १९७३ च्या सुमारास काढली. ती नसती तर शार्प काय आणि आरसीए काय, टिकाऊ पडदा कुणालाच जमला नसता. आणि टीव्हीसाठी प्रत्येक ठिपक्यामागे एक ट्रान्झिस्टर हवा, तोही काचेवर बसवलेला. त्याला आणखी पंधरा-वीस वर्षं लागली. तेवढी वर्षं तोट्यात कळ काढायची कुणी, हा खरा सवाल होता.

अळणी

हे ग्रे यांचं माहीत नव्हतं. आभार. म्हैस मात्र म्हैसच.

पेटंटवाली

जपानचा विषय निघालाच आहे तर निळ्या एलईडीचं सांगते. माझा रोजचा संबंध पेटंटच्या कागदांशी, त्यामुळे मला यातला हिशेबाचा भाग जास्त भिडतो.

शुजी नाकामुरा १९७९ मध्ये निचिया या कंपनीत लागले. कंपनी छोटी, धंदा ट्यूबलाइट आणि टीव्हीसाठी लागणाऱ्या फॉस्फरच्या, म्हणजे उजेड देणाऱ्या, पावडरींचा. निळा एलईडी सगळ्या बड्या कंपन्यांना हवा होता आणि जवळजवळ सगळे झिंक सेलेनाइडच्या मागे होते. नाकामुरांनी गॅलियम नायट्राइड निवडलं, कारण तिथे गर्दी नव्हती. संस्थापक नोबुओ ओगावा यांनी पैसे दिले. नंतर आलेल्या प्रमुखांनी हे थांबवा म्हणून सांगितलं, यांनी थांबवलं नाही. १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी बाजारात.

कंपनीने बक्षीस दिलं २०,००० येन. होय, वीस हजार. पुढे ते अमेरिकेत गेले, कंपनीशी कोर्टबाजी झाली. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायला सांगितलं. कंपनी अपिलात गेली आणि २००५ च्या जानेवारीत तडजोड झाली ती सुमारे ८४ कोटी येनवर. तोशिबाचे फुजियो मासुओका, ज्यांनी फ्लॅश मेमरी काढली (तुमच्या पेनड्राइव्हची आई), त्यांचाही दावा २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर मिटला.

या खटल्यांचा परिणाम असा की जपानने २०१५ मध्ये कायदा बदलला. पूर्वी शोधाचा हक्क आधी कर्मचाऱ्याचा, मग कंपनीकडे जायचा. आता कंपनीच्या नियमांत तशी तरतूद असेल तर हक्क जन्मतःच कंपनीचा, आणि कर्मचाऱ्याला "योग्य लाभ". योग्य म्हणजे किती, हे वकिलांच्या पोटापाण्यासाठी मोकळं ठेवलंय.

नवशिकी

२०,००० येन!! पण गॅलियम नायट्राइडमागे गर्दी का नव्हती? इतकं चांगलं होतं तर?

रिकामा_चेंबर

चांगलं नव्हतंच ना ते. वाढवायला महाभयंकर. नीलमणीवर (हो, सफायरच्या चकतीवर) थर चढवावा लागतो आणि दोघांच्या अणूंची अंतरं जुळत नाहीत. त्यामुळे थरात चौरस सेंटिमीटरमागे अब्जावारी खोटी, म्हणजे रांगा चुकलेल्या जागा. इतकी खोट दुसऱ्या कुठल्या अर्धवाहकात असती तर एलईडी पेटलाच नसता. लोकांनी नाद सोडला तो यामुळे. आकासाकी आणि आमानो यांनी १९८६ मध्ये या दोघांच्या मधोमध अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन तो प्रश्न बराच सोडवला. २०१४ चं नोबेल या दोघांना आणि नाकामुरांना मिळून आहे, हे विसरू नये.

नाकामुरांचं मला आवडतं ते वेगळंच. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत क्वार्ट्झच्या नळ्या स्वतः जोडायचे, त्या फुटून स्फोट व्हायचे. त्यातून हात तयार झाला. मग महागडी रिअ‍ॅक्टर मशीन आणली तीही जशीच्या तशी वापरली नाही, रोज सकाळी कापाकाप करून पाइप बदलायचे, दुपारी थर चढवून बघायचे. शेवटी जमलं ते असं: मुख्य वायू बाजूने सोडायचा आणि वरून दुसरा वायू सोडून त्याला चकतीवर दाबून धरायचा, नाहीतर १००० अंशांच्या चकतीवरून गरम वायू उठून वरच निघून जातो.

आणि हायड्रोजनचा घोळ! पी-प्रकारचा (धन प्रभार वाहणारा) थर करायला मॅग्नेशियम घालायचे, पण ते काही केल्या काम करेना. आमानोंना इलेक्ट्रॉनांचा झोत मारल्यावर ते जागं होतं असं दिसलं. का, ते कळत नव्हतं. नाकामुरांनी १९९२ मध्ये दाखवलं की नायट्रोजनसाठी जो अमोनिया वापरतात त्यातला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करतो. नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या वर तापवा, हायड्रोजन निघून जातो, झालं काम. झोत मारायला एकेक वेफर तासन् तास, भट्टीत टाकायला एकदम ढीगभर. यालाच मी कंपनीतलं संशोधन म्हणतो.

पॉवरवाला

गॅलियम नायट्राइडचा भाऊ सिलिकॉन कार्बाइड. आमच्या क्षेत्रात सध्या त्याचीच हवा. टेस्लाने मॉडेल ३ च्या इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी बदलणारा भाग) वापरल्यापासून सगळ्यांना हवंय.

सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतो, पाकातून दांडा ओढता येतो, एकेक दांडा माणसाहून उंच. सिलिकॉन कार्बाइड साध्या दाबाला वितळतच नाही. २००० अंशांच्या वर पावडरीची वाफ करून ती वर बियाण्याच्या स्फटिकावर जमवायची. वाढ तासाला मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी. आठवडाभर भट्टी चालवून काही सेंटिमीटरची वडी. शिवाय बंद ग्रॅफाइटच्या भांड्यात आत काय चाललंय ते दिसत नाही. उघडल्यावर कळतं की आठवडा पाण्यात गेला. मामांना इथे खिडकीही मिळायची नाही.

यातलं सगळ्यात जुनं नाव वुल्फस्पीड (पूर्वीची क्री). स्फटिक जमले, मोठे वेफर जमले, प्रचंड कारखाना बांधला, आणि २०२५ च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहक अपेक्षेइतक्या वेगाने आले नाहीत आणि कर्ज थांबलं नाही.

सोल्डर

हे सगळं आता एआय करणार म्हणतात की. गूगल डीपमाइंडने २०२३ मध्ये २२ लाख नवे स्फटिक काढले म्हणून जाहीर केलं. त्यातले ३ लाख ८० हजार स्थिर. मग राहिलंय काय?

रिकामा_चेंबर

भट्टी राहिलीय.

खडूफळा

:) थोडं विस्ताराने. ते २२ लाख "स्फटिक" म्हणजे गणिताने काढलेल्या रचना. स्थिर म्हणजे शून्य केल्व्हिनला ऊर्जेच्या हिशेबाने मोडणार नाहीत असं गणित सांगतं. बनवायचे कसे, कुठल्या तापमानाला, हवेत टिकतात का, यातलं काही नाही. दोन नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये यादी चाळून लिहिलं की नवीन, विश्वासार्ह आणि उपयोगी असं तिन्ही एकत्र फार थोडं दिसतं. त्याच सुमारास बर्कलेच्या एका यंत्रमानवी लॅबने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ संयुगं बनवल्याचा दावा केला होता. त्यांचे एक्स-रे आलेख तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं की यातलं खरोखर नवीन काही सिद्ध होत नाही.

पण मी एआयला हसणार नाही. शोधाची जागा आखून देण्यात त्याचा उपयोग होणार. काओंचा २० हा आकडा जसा होता, तसा. फक्त काओंनी एकच आकडा दिला होता, २२ लाख नव्हे.

जुनाणा

पुनरावृत्तीवरून आठवलं. बेल लॅब्समध्येच २००० ते २००२ या काळात यान हेंड्रिक श्योन नावाच्या तरुणाने धुमाकूळ घातला होता. सेंद्रिय स्फटिकांचे ट्रान्झिस्टर, एका रेणूचा स्विच, काय वाटेल ते. २००१ मध्ये सरासरी आठ दिवसांना एक पेपर. जगभरच्या लॅब तेच करायला बसल्या, कुणालाच जमेना. सगळ्यांना वाटायचं आपला हात कच्चा. त्याच्या यशाचं मर्म म्हणे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असा एक थर, जो प्रचंड विद्युत क्षेत्रातही फुटत नाही, आणि तो म्हणे जर्मनीत कॉन्स्टान्झ इथल्या एका जुन्या स्पटरिंग मशीनवरच बनतो.

शेवटी पकडला गेला कशावरून? वेगवेगळ्या उपकरणांच्या आलेखांत खरखर (नॉइज) हुबेहूब तीच. खरखर दोनदा सारखी येणं म्हणजे दोन वेळा फासे टाकून शेकडो दान तंतोतंत तेच पडणं. चौकशी समितीने सप्टेंबर २००२ मध्ये २४ पैकी १६ आरोप सिद्ध धरले. मूळ नोंदी मागितल्या तर म्हणाला, कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून पुसल्या.

पेटंटवाली

स्पटरिंग मशीन म्हटल्यावर रिकामा_चेंबर यांना विचारायलाच हवं. त्या वेळी तुम्हा लोकांना शंका नाही आली?

रिकामा_चेंबर

तेव्हा मी उमेदवारीतच होतो. पण आमच्या साहेबांनी पेपर वाचून एकच प्रश्न विचारला होता, "त्या मशीनचा ऑपरेटर कोण?" मला तेव्हा तो विनोद वाटला. एखादा थर एकाच मशीनवर जमतो हे अशक्य नाही, आमच्याकडे दोन जुळी मशीनं शेवटपर्यंत जुळी वागली नाहीत. पण मग मशीनशी रोज झटणारा कुणीतरी असतो, त्याच्या वहीत बिघाड लिहिलेले असतात, रद्दी झालेल्या वेफरांचा ढीग असतो. श्योनचा ढीग कुणी पाहिलाच नव्हता.

अळणी

मग आज हे काम करतंय कोण? बेल लॅब्स २०१६ पासून नोकियाकडे. आरसीए लॅब राहिली नाही. एवढ्या वर्षांची कळ काढायला मक्तेदारीचा पैसा लागतो. एटीअँडटीकडे टेलिफोनचा होता, आणि तरी १९५६ च्या तडजोडीत सरकारने त्यांना जुनी पेटंटं फुकट वापरू द्यायला लावलं. ट्रान्झिस्टर जगभर पसरला त्यात याचा मोठा वाटा आहे. आजच्या मक्तेदाऱ्या तसं काही करताना दिसत नाहीत.

जुनाणा

काम आहे, फक्त विखुरलंय. चिप बनवणारे स्वतः मटेरियल कमीच शोधतात. रसायनवाले वेगळे, मशीनवाले वेगळे. बेल्जियममध्ये लूव्हेनला आयमेक ही संशोधन संस्था आहे, १९८४ पासून, तिथे एकमेकांचे गळे कापणाऱ्या कंपन्या एकाच क्लीनरूममध्ये शेजारी शेजारी काम करतात. नेदरलँड्सच्या एएसएमएलचं चिपवर नक्षी छापणारं ईयूव्ही मशीन बघा: सेकंदाला ५०,००० कथलाचे थेंब, प्रत्येकावर लेसर, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश, आणि आरसे झाइसचे. एका छताखाली हे कुणालाच जमलं नसतं.

इंटेलनेही २००७ मध्ये ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा (गेट म्हणजे वीज चालू-बंद करणारं टोक) सिलिकॉन ऑक्साइड काढून हाफ्नियमवालं मटेरियल घातलं, कारण जुना थर १.२ नॅनोमीटरवर आला होता, म्हणजे जेमतेम पाच अणूंची जाडी, त्यातून वीज गळायची. चाळीसेक वर्षं चाललेलं मटेरियल बदलायचं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं.

नवशिकी

सगळ्यांचे आभार, अर्ध्या सेमिस्टरचं ज्ञान मिळालं. पण रिकामा_चेंबर काका, ते मामांचं पुढे काय झालं ते राहिलंच.

रिकामा_चेंबर

हा, ते. त्या प्रकरणानंतर वरून पैसे मंजूर झाले आणि खिडकीवर स्पेक्ट्रोमीटर बसवला. तो प्लाझ्माच्या प्रकाशातली नायट्रोजनची ३३७ नॅनोमीटरची रेघ बघत बसतो आणि ती वाढली की बोंब मारतो. मामांना कुणीतरी चिडवलं की आता तुमचा डोळा निवृत्त. मामा काही बोलले नाहीत.

पण मशीन लावल्यावर प्रश्न आला की बोंब कधी मारायची? रेघ शून्य कधीच नसते, थोडा नायट्रोजन भिंतींतून सुटतोच. मर्यादा खाली ठेवली तर दिवसभर अलार्म, वर ठेवली तर वेफर गेल्यावर कळणार. तर मी तोच नट पाव-पाव फेऱ्याने मुद्दाम सैल करत गेलो, एक जण रोध मोजत होता, आणि मामा खिडकीशी डोळा लावून उभे. एका जागी ते म्हणाले, "आता." स्पेक्ट्रोमीटरवर तिथे रेघ मारली. रोधाचे आकडे नंतर जुळवून बघितले तर वाढ तिथूनच सुरू होत होती. मी ती नोकरी सोडली तेव्हाही अलार्मची मर्यादा तीच होती.